मंडपातला जनरेटर, पेट्रोल आणि कोरडी वाळू

यंदाही कोपरखैरणेच्या आमच्या सोसायटीच्या मंडपात तो छोटा पेट्रोल जनरेटर येणार आहे आणि ग्रुपवर सगळे विचारतायत काय काय लागेल, म्हणून एकदाच लिहितो. सगळ्यात आधी कोरडी वाळू. गेल्या वर्षी कॅन कलंडला तेव्हा बाकी सगळं होतं, वाळू नव्हती, मग कुणीतरी पाण्याचा पाईप सोडला आणि पेट्रोल तरंगत तरंगत थेट पावसाळी गटारात. पेटलं नाही हे नशीब, कारण पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असतं, पाणी मारलं की ते विझत नाही, पसरतं, आणि पेटलेलं असेल तर आगीसकट पसरतं. वर ते गटार शेवटी खाडीलाच मिळतं.

तर वाळू. गेटवरच्या लाल बादल्या बघून समाधान मानू नका, प्लीज एकदा हात घालून बघा, वर विड्यांची थोटकं आणि गुटख्याच्या पुड्या, खाली पावसाने दगड झालेला गोळा. शेजारी रिपेअरिंग चालू असेल तर तिथून एक गोणी क्रश सँड (दगड फोडून केलेली बांधकामाची वाळू) मागा, चाळा, वाळवा, झाकणाच्या बादलीत भरा. एक जनरेटरपासून पाच-सहा पावलांवर, दुसरी गटाराच्या जाळीजवळ. भुसा किंवा रद्दी नको, तेच पेटतं.

पेट्रोलसाठी धातूचा, घट्ट झाकणाचा कॅन. बिसलरीच्या बाटल्या घेऊन पंपावर जाऊ नका. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल एकूण ३० लिटरपर्यंत बिनपरवाना ठेवता येतं, पण काचेच्या भांड्यात १ लिटरच्या वर नाही आणि धातूच्या भांड्यात २५ च्या वर नाही, प्लास्टिकचं तिथे नावही नाही. आपल्याला पाच लिटर खूप झालं. भरताना कॅन जमिनीवर ठेवा, गाडीच्या डिकीत ठेवून भरू नका, स्टॅटिकची (घर्षणाने साठलेल्या विजेची) ठिणगी तेवढ्यानेही पडते, आणि काठोकाठ भरू नका, उन्हात ते फुगतं. स्कूटरवर पायात धरून आणणाऱ्यांना मी काय बोलणार. लिफ्टमधून नाही, मीटर रूममध्ये तर अजिबात नाही.

जनरेटर मंडपाच्या कापडापासून आणि खिडक्यांपासून निदान वीस फूट लांब, उघड्यावर. धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, ती जमिनीलगत सरपटत जाते आणि लांबच्या समईला किंवा कापराच्या आरतीला जाऊन भेटते, म्हणून मला इथे पेट्रोल अन् तिथे दिवा असलं काही सांगू नका. उणे ४० अंशाच्या आसपासही त्याची वाफ पेटू शकते, तेव्हा पाऊस आहे, गारवा आहे, चालतं हेही नको.

पेट्रोल घालताना जनरेटर बंद, आणि पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या. लाईट जाते ती नेमकी आरतीच्या वेळी, सगळे ओरडतात, ओरडू देत. तापलेल्या सायलेन्सरवर दोन थेंब पडले तरी काम तमाम. नरसाळं वापरा. आणि वाळू जवळ आहे ना? बघा परत.

सांडलं तर: आधी माणसं मागे, विडी-समई विझवा, जवळचं कुठलंही बटण दाबू नका, चालू असलेलं बंद करायलाही नाही. मग आधी जाळीकडच्या बाजूला वाळूचा बांध, नंतर सांडलेल्यावर वाळू. या क्रमानेच. उलटं केलं की अर्धं गटारात गेलेलं असतं. भिजलेली वाळू प्लास्टिकच्या सुपलीने धातूच्या डब्यात भरा, झाकण लावून उघड्यावर ठेवा, घंटागाडीत टाकू नका.

पेटलं तर १०१. आग विझवायचा ६ किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर, काटा हिरव्यात आहे का ते आजच बघा. वारा पाठीमागे घ्या, दोन-तीन मीटरवरून आगीच्या मुळाशी मारा. तो जेमतेम पंधरा-वीस सेकंद चालतो, तेवढ्यात विझलं नाही तर सोडून पळा. छोटी आग वाळूनेही दबते. पाणी नाही. पाणी नाही.

अंगावर पेट्रोल सांडलं तर कपडे लगेच पाण्याने भिजवून मग काढा. कपडे पेटले तर जमिनीवर लोळा. भाजलं तर वीस मिनिटं नळाचं पाणी, टूथपेस्ट-हळद नको, जास्त असेल तर ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढू नका, गिळलं गेलं तर उलटी करवू नका, हॉस्पिटलला न्या.

विसर्जनानंतर उरलेलं कुणाच्या तरी बाईकमध्ये घाला, जिन्याखाली ठेवू नका. बाकी ग्रुपवर विचारा, मी दमलो.