टर्मिनलवरून ब्लूटूथ तपासताय? या चुका टाळा

घोडबंदर रोडच्या एखाद्या टॉवरमध्ये बसून लिनक्सच्या ब्लूटूथसीटीएलमध्ये (टर्मिनलवरून ब्लूटूथ हाताळायची कमांड) 'स्कॅन ऑन' मारा. शेजाऱ्यांचे टीव्ही, घड्याळं, स्पीकर अशी यादी भराभर सरकू लागते. आपला हेडफोन दिसला की बरेच जण लगेच स्कॅन बंद करतात. तिथेच गडबड होते. पेअर न झालेलं डिव्हाइस ब्लूझेड, म्हणजे लिनक्सची ब्लूटूथ प्रणाली, साधारण ३० सेकंदांत विसरतं. मग 'पेअर' केलं की 'नॉट अव्हेलेबल', आणि बोल हेडफोनला! स्कॅन चालू ठेवूनच पेअर करा. स्क्रिप्टमध्ये हे जास्त नडतं, कारण ब्लूटूथसीटीएलमधून बाहेर पडलं की त्याने सुरू केलेला स्कॅनही थांबतो.

ऐरोली-महापेकडच्या टेस्टिंग लॅबमध्ये एकाच मॉडेलचे दहा हेडसेट टेबलावर असतील, तर नावावर जाऊ नका. मॅक ॲड्रेस, म्हणजे प्रत्येक डिव्हाइसचा वेगळा क्रमांक, बघा.

आता सगळ्यांत महागात पडणारी सवय: कनेक्ट झालं नाही की 'रिमूव्ह' करून पुन्हा पेअर. आधी एरर वाचा हो! शेवटी 'पेज टाइमआउट' असेल तर समोरून उत्तरच आलेलं नाही. हेडफोन बंद आहे, लांब आहे किंवा खिशातल्या फोनला चिकटलाय. 'प्रोफाइल अनअव्हेलेबल' आलं तर हेडफोनचा काही संबंध नाही. तुमच्या लिनक्सवर ऑडिओची बाजू तयार नाही. डेबियनवर (लिनक्सचा एक प्रकार) आवाज सांभाळणारं पाइपवायर असेल तर त्याचं ब्लूटूथचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं, आणि ते राहून गेलेलं असतं. अशा वेळी कितीही वेळा पेअर करा, पालथ्या घड्यावर पाणी.

'इन्फो' कमांडमध्ये पेअर्ड, ट्रस्टेड आणि कनेक्टेड अशा वेगवेगळ्या ओळी असतात. पेअर्डपुढे 'यस' दिसलं म्हणजे डिव्हाइस आत्ता जोडलेलं आहे असं नाही. माऊस रोज सकाळी आपणहून जोडला जात नसेल, तर बहुतेक वेळा 'ट्रस्ट' करायचं राहिलेलं असतं.

कॉम्प्युटरचा ब्लूटूथ ॲडॅप्टरच दिसत नसेल तर 'आरएफकिल लिस्ट' बघा, वायरलेस कुठे ब्लॉक झालंय ते कळतं. सॉफ्ट ब्लॉक कमांडने निघतो. हार्ड ब्लॉकसाठी लॅपटॉपचं बटण किंवा बायोस. डोंगल लावला असेल तर 'सिलेक्ट'ने नेमका कंट्रोलर (म्हणजे ॲडॅप्टर) निवडा, नाहीतर तपासणी भलत्याचीच व्हायची.

डिव्हाइस उत्तर देतंय का हे बघणाऱ्या 'एलटूपिंग'ला सुडो (ॲडमिनचे अधिकार) लागतं, आणि फक्त लो एनर्जी (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) असलेला फिटनेस बँड त्याला सहसा दाद देत नाही. तो बिघडलाय असं समजू नका. जुन्या लेखांतलं एचसीआयटूल (ब्लूटूथची जुनी कमांड) २०१७ पासून ब्लूझेडने मोडीत काढलंय. खोलात जायचं असेल तर दुसऱ्या टर्मिनलमध्ये ब्लूटूथची देवाणघेवाण दाखवणारं बीटीमॉन लावा आणि मग 'कनेक्ट' मारा. कनेक्शन कोणत्या पायरीवर तुटतंय ते तिथे दिसतं.