थंडीत कुरिअरने आलेली सक्युलंट्स

पुण्याच्या मामेबहिणीने संक्रांतीची भेट म्हणून सक्युलंट्स, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारी रोपं, पाठवली. खोका ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी पोचला तो ऐन धुक्यात, तोही उशिरा. कागदात गुंडाळलेली, मुळं उघडी: इचेव्हेरिया, हॉवर्थिया आणि जेडची फांदी.

सुरकुतलेली पानं पाहून आई म्हणाली, "अगं, आधी पाणी घाल." मी घातलं नाही. सुरकुतलेलं पण बोटाला लवचीक लागणारं पान नुसतं तहानलेलं असतं, ते थांबू शकतं. काळजी होती एका इचेव्हेरियाची. तिची खालची पानं पाणी भरल्यासारखी पारदर्शक झाली होती, हात लावताच गळत होती. ही कूज. ती पानं काढली आणि स्वच्छ ब्लेडने खोडाचा काळा भाग कापत गेले, आत एकही डाग नसलेला हिरवट गाभा दिसेपर्यंत. काप वाळून खपली धरेपर्यंत तिला कोरड्या कागदावरच ठेवलं.

बाकीची मातीच्या कुंड्यांत लावली. निम्मी भरड वाळू आणि विटांचा चुरा, थोडं कोकोपीट. पहिलं पाणी काही दिवसांनी, तेही ऊन पडल्यावर. इथे जानेवारीत पारा 5 अंशांच्या आसपास उतरतो आणि गारठ्यात माती ओली राहिली की मुळं गेलीच म्हणून समजा. रात्री कुंड्या घरात. गच्चीवरचं ऊनही हळूहळू दिलं, कारण अंधाऱ्या खोक्यातून आलेली पानं थंडीतही भाजतात. हॉवर्थियाला तर खिडकीतला उजेडच पुरतो.

इचेव्हेरियाला आता नवी मुळं आली आहेत. पुढची भेट फेब्रुवारी सरल्यावर पाठव, असं बहिणीला कळवलंय.