सरळ केसांचे ड्रेडलॉक्स, म्हणजे मुद्दाम गुंतवून केलेल्या जटा, करताय? मग हे वाचा

केस निदान ६ इंच तरी हवेत, आणि आधी काही दिवस तेल, कंडिशनर सगळं बंद, कारण गुळगुळीत केस गुंततच नाहीत. शाम्पूने धुवून पूर्ण वाळवा, मग इंचभराचे चौकोन पाडून प्रत्येकाला रबर लावा आणि बारीक कंगव्याने टोकाकडून मुळाकडे उलटं विंचरत गुंता घट्ट करत जा, सुटे केस क्रोशाच्या बारीक सुईने आत ओढा. अख्खा दिवस जातो, मदतीला कोणीतरी घ्याच. वॅक्स अजिबात नको, ते आत साचतं, निघता निघत नाही.

ड्रेड्स धुवायचे नसतात हे साफ खोटंय! आपल्याकडे बाईच्या डोक्यात जट आली की देवीची म्हणून कापूही देत नाहीत, मग उवा, जखमा, मानदुखी, फार वाईट वाटतं बघून. तुम्ही आठवड्याला एकदा मुळांना शाम्पू लावून धुवा आणि आतपर्यंत वाळवा, पावसाळ्यात तर ड्रायर पाहिजेच, ओले बांधून झोपलात तर बुरशी धरते. धुतल्यावर शेजारशेजारचे ड्रेड्स मुळाशी बोटांनी वेगळे करा. दीड-दोन महिन्यांनी मुळं टाइट करा, पण कातडी ओढेल इतकी नको, सतत ताण बसला तर तिथले केस कायमचे जाऊ शकतात.