गूगलशिवाय शोध कसा घ्यावा

गूगलवाचून काम भागवायचे ठरवले की बहुतेक जण आधी दुसरे शोधयंत्र कोणते घ्यावे हे विचारतात. माझ्या मते, आपण गूगलला दिवसभर काय काय विचारतो हे त्याआधी पाहावे. ब्राउझरची हिस्टरी उघडून अलीकडचे शोध वाचून काढले, तर कितीतरी शोध खऱ्या अर्थाने शोध नसतातच असे दिसते. बँकेचे संकेतस्थळ आपल्याला ठाऊक असते, तरीही आपण तिचे नाव टाइप करतो आणि आलेल्या पहिल्या दुव्यावर क्लिक करतो. ही सवय धोक्याचीही आहे, कारण निकालांच्या वर दिसणाऱ्या जाहिरातींमध्ये कधीकधी बनावट संकेतस्थळांचे दुवे असतात. नेहमीच्या संकेतस्थळांचे बुकमार्क करून ते ब्राउझरच्या पट्टीवर ठेवावेत. एवढ्यानेच गूगलवरचा भार पुष्कळ हलका होतो.

काही प्रश्नांची उत्तरे कुठे मिळतील हे आपल्याला साधारण माहीत असते. शब्दाचा अर्थ शब्दकोशात, एखाद्या घटनेचे साल विकिपीडियावर, रस्ता ओपनस्ट्रीटमॅपवर आणि बंद पडलेले जुने पान इंटरनेट आर्काइव्हवर शोधावे. फायरफॉक्स आणि क्रोम या दोन्ही ब्राउझरांच्या सेटिंग्जमध्ये एखाद्या संकेतस्थळाच्या शोधाला छोटेसे टोपणनाव देता येते. पुढे ॲड्रेस बारमध्ये ते टोपणनाव आणि शोधायचा शब्द लिहिला, की थेट त्या संकेतस्थळावरचे निकाल उघडतात. ही सोय बसवायला थोडा वेळ लागतो, पण या साऱ्या खटाटोपात सर्वाधिक उपयोग मला तिचाच वाटतो.

उत्तर कुठे असेल याचा अंदाजच नसतो, अशा उरलेल्या प्रश्नांसाठी मात्र शोधयंत्र हवेच. ते निवडताना त्याचे निकाल कुठून येतात हे तपासावे. डकडकगो आणि इकोशिया यांचे निकाल मोठ्या प्रमाणात मायक्रोसॉफ्टच्या बिंगवर अवलंबून राहिले आहेत, आणि म्हणूनच मे 2024 मध्ये बिंगची सेवा कोलमडली तेव्हा त्यांचेही शोध बंद पडले. स्टार्टपेज प्रामुख्याने गूगलचेच निकाल आपली ओळख लपवून दाखवते. ज्यांची तक्रार केवळ पाळतीबद्दल आहे त्यांना ते पुरेल. ब्रेव्ह सर्च आणि मोजीक यांनी मात्र वेबपानांची स्वतःची सूची उभारली आहे. मोजीकची सूची लहान असल्याने त्यावर निकाल कमी मिळतात, तरी इतरत्र मागे पडलेली पाने तेथे सापडू शकतात.

निवडलेले शोधयंत्र संगणकावर आणि फोनवर, दोन्हीकडे डीफॉल्ट करावे आणि फोनच्या पहिल्या पडद्यावरची गूगलची शोधपट्टी काढून टाकावी. या पायरीकडे दुर्लक्ष करू नये. ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये गूगल डीफॉल्ट राहावे म्हणून गूगलने ॲपलला केवळ 2022 या एका वर्षात सुमारे 2000 कोटी डॉलर दिले, हे गूगलविरुद्धच्या अमेरिकेतील खटल्यात उघड झाले, आणि ऑगस्ट 2024 मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी शोधसेवेतील मक्तेदारी गूगलने बेकायदेशीरपणे टिकवली असा निकाल दिला. समोर जे आयते येते तेच माणूस वापरतो, हे या कंपन्यांना पुरते ठाऊक आहे.

सुरुवातीला नवे निकाल अपुरे वाटतील, विशेषतः इंग्रजीखेरीज इतर भाषांत आणि आसपासची दुकाने किंवा दवाखाने शोधताना. गूगलजवळ आपले ठिकाण आणि मागचे शोध असल्यामुळे अर्धवट प्रश्नही त्याला पुरतो. नव्या शोधयंत्रात मात्र गावाचे नाव, विषय आणि वर्ष स्वतः लिहावे लागते. नेमका वाक्यांश हवा असेल तर तो अवतरणचिन्हांत टाकावा. एवढे करूनही उत्तर मिळाले नाही, तर तेवढ्या प्रश्नापुरते गूगल खासगी विंडोमध्ये, लॉग-इन न करता खुशाल उघडावे आणि तो प्रश्न टिपून ठेवावा. अशा टिपणांत एकाच विषयाचे प्रश्न पुन्हापुन्हा दिसू लागले, तर त्या विषयाचे एखादे भरवशाचे संकेतस्थळ शोधून त्यालाही टोपणनाव द्यावे.