फ्लटरमध्ये ऑब्जेक्टबॉक्स कसं वापरायचं: दुधाच्या रतीबाचं ॲप धरून

समजा दुधाचा रतीब टाकणाऱ्यासाठी फ्लटरमध्ये, म्हणजे डार्ट भाषेत ॲप लिहायच्या गुगलच्या साधनात, ॲप करायचंय. पहाटे पाचला माणूस सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये नाहीतर लिफ्टमध्ये, नेटचा पत्ता नाही, आणि तरी कुणी दीड लिटर घेतलं, कुणाचा आज खाडा, हे तिथल्या तिथे टिपलं गेलंच पाहिजे. म्हणजे डेटाबेस फोनमध्येच हवा, नेट आलं की सर्व्हरचं काय ते नंतर बघू.

फोनमधला नेहमीचा टेबलांचा डेटाबेस एसक्यूलाइट आहेच, पण टेबलातली ओळ उचलून तिचा ऑब्जेक्ट करा, ऑब्जेक्ट मोडून परत ओळ करा, या खटाटोपाचा कंटाळा असेल तर ऑब्जेक्ट जसाच्या तसा साठवणारा ऑब्जेक्ट डेटाबेस बरा. यातलं गाजलेलं नाव रिअल्म, ते २०१९ मध्ये मोंगोडीबीने घेतलं, सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचं सिंक (फोन आणि सर्व्हरवरचा डेटा जुळवून ठेवणं) बंद होणार असं जाहीर झालं आणि ३० सप्टेंबर २०२५ ला ते संपलं. फोनपुरतं रिअल्म ओपन सोर्स आहे, जुन्या ॲपमध्ये असेल तर घाईने उपटायची गरज नाही, पण नवीन काम मी तरी त्याच्यावर सुरू करणार नाही. म्हणून इथे ऑब्जेक्टबॉक्स हा दुसरा ऑब्जेक्ट डेटाबेस घेतोय. त्याचा सी प्लस प्लसमधला गाभा मात्र ओपन सोर्स नाही, फक्त डार्ट, जावा वगैरेंचे वरचे थर आहेत, हे क्लायंटला आधीच सांगून ठेवा.

पबस्पेकमध्ये (प्रोजेक्टच्या पॅकेजांची यादी असलेली फाइल) ऑब्जेक्टबॉक्स आणि त्याची फ्लटर लिब्ज टाका, डेव्ह डिपेन्डन्सीत बिल्ड रनर (आपल्यासाठी कोड तयार करून देणारं साधन) आणि ऑब्जेक्टबॉक्स जनरेटर. मग दोन क्लास लिहा, एक गिऱ्हाईक आणि एक नोंद (कोडमध्ये नावं अर्थात इंग्रजीत, इथे समजायला मराठीत). दोन्हींवर एंटिटीचं ॲनोटेशन (हा क्लास डेटाबेसमध्ये साठवायचाय अशी खूण), दोन्हींत आयडी नावाचं इंटिजर फिल्ड आणि त्याची सुरुवातीची किंमत शून्य. शून्य म्हणजे "हा नवा आहे, नंबर तूच दे", शून्य नसेल तर त्या नंबरचा जुना ऑब्जेक्ट बदलला जातो. बरेच जण सर्व्हरवरून आलेला आयडी थेट इथेच कोंबतात आणि मग एरर आली की डोकं खाजवत बसतात, सर्व्हरचा आयडी वेगळ्या फिल्डमध्ये ठेवा, त्याला युनिक लावा (तीच किंमत दोनदा येऊ न देणारी खूण), विषय संपला.

नोंदीत गिऱ्हाइकाकडे जाणारा टूवन (एका नोंदीचं एकच गिऱ्हाईक), आणि गिऱ्हाइकात त्याच नात्याचा बॅकलिंक, म्हणजे उलटा दुवा, म्हणून टूमेनी (एका गिऱ्हाइकाच्या अनेक नोंदी). दर गिऱ्हाइकात ठेवलात तरी तो त्या त्या दिवशीच्या नोंदीतही कॉपी करा, कारण महिन्याच्या मध्यात दुधाचा भाव दोन रुपयांनी वाढला की मागची सगळी बिलं नव्या भावाने दिसायला लागतात आणि मग जिन्यात उभं राहून भांडण कोण करणार? रक्कम रुपयांत नाही, पैशांत ठेवा, इंटिजरमध्ये, डबल (दशांश आकडा) नको. तारखेसाठी डेटटाइम चालतो, तो मिलिसेकंदांत साठतो, पण आपल्याला वेळ नकोय, दिवस हवाय, म्हणून २०२६०११५ असा साधा आकडा ठेवला की टाइमझोनची कटकटच नाही. एका गिऱ्हाइकाची एका दिवशी एकच नोंद हवी, पण दोन फिल्ड मिळून युनिक असं इथे सांगता येत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाचा नंबर आणि दिवस जोडून एक स्ट्रिंग करा आणि तिला युनिक लावा.

आता बिल्ड रनर चालवा. एक जनरेट झालेली डार्ट फाइल येईल आणि दुसरी मॉडेलची जेसन फाइल. खरी मेख या दुसरीत आहे. प्रत्येक क्लासला आणि प्रत्येक फिल्डला एक लांबलचक युआयडी (ओळखक्रमांक) मिळालेला असतो तो यात लिहिलेला असतो, आणि डेटाबेस फिल्ड ओळखतो ते नावाने नाही, या युआयडीने. म्हणून ही फाइल गिटमध्ये गेलीच पाहिजे, गिटइग्नोरमध्ये टाकली की दुसऱ्याच्या मशीनवर नवे आकडे तयार होतात आणि तो बिल्ड जुन्या फोनवर गेला की बोंबला.

यामुळेच नाव बदलताना जपून. "लिटर" फिल्डचं नाव सरळ "प्रमाण" केलंत आणि बिल्ड रनर चालवला तर त्याला वाटतं जुनं फिल्ड काढलं, नवीन आलं, आणि गिऱ्हाइकांच्या फोनमधले जुने आकडे गेले, एरर वगैरे काही येत नाही. बरोबर रीत अशी: जुनं नाव तसंच ठेवून त्यावर प्रॉपर्टीचं ॲनोटेशन लावा, युआयडी शून्य द्या आणि बिल्ड रनर चालवा, तो मुद्दाम अडतो आणि सध्याचा युआयडी स्क्रीनवर दाखवतो. तो आकडा शून्याच्या जागी टाका, आता नाव बदला, परत चालवा. नवीन फिल्ड घालायला यातलं काही लागत नाही, नुसतं घाला.

स्टोअर, म्हणजे कोडमधून डेटाबेसचं दार, ॲप सुरू होताना एकदाच उघडायचं आणि तेच सगळीकडे वापरायचं, तीच फोल्डर दुसऱ्यांदा उघडायला गेलात तर एरर येते. लिहायला पुट, वाचायला गेट, यात शिकवण्यासारखं काही नाही. पण "सगळ्यांना नेहमीप्रमाणे" असं बटण दिलंत आणि त्यात दोनशे गिऱ्हाइकांसाठी लूपमध्ये पुट केलंत तर प्रत्येक पुट स्वतःचं वेगळं ट्रान्झॅक्शन (डेटाबेसमध्ये लिहिण्याची एक पूर्ण फेरी) करतं, साध्या फोनवर ते जाणवतं, त्यापेक्षा यादी करून पुटमेनी एकदाच, किंवा सगळं एका राइट ट्रान्झॅक्शनमध्ये. आणखी एक, नोंदीतून गिऱ्हाइकाचा फोन नंबर बदलला आणि नुसती नोंद पुट केली तर नंबर सेव्ह होत नाही, आधीपासून साठवलेल्या गिऱ्हाइकाला वेगळं पुट करावं लागतं.

स्क्रीन ताजी ठेवायला क्वेरीवर (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) वॉच लावा, म्हणजे बदल झाला की कळतं, ट्रिगर इमिजिएटली ट्रू करा आणि ती स्ट्रीम फ्लटरच्या स्ट्रीमबिल्डरला द्या, नोंद पडली की यादी आपोआप बदलते. स्वतः बिल्ड केलेली क्वेरी काम झालं की क्लोज करा. महिन्याची बेरीज प्रॉपर्टी क्वेरीने (एकाच फिल्डवरची क्वेरी) होते, पण एसक्यूएलसारखं ग्रुप बाय (गटवार बेरीज) नाही, गिऱ्हाईकवार हिशोब लूप फिरवूनच काढायचा. एवढ्याशा डेटाला चालतं, पण ॲपचा जीवच रिपोर्टमध्ये असेल तर सरळ एसक्यूलाइटवर जा.

गिऱ्हाइकाच्या दाराचा फोटो वगैरे डेटाबेसमध्ये नको, मुळात डिफॉल्ट मर्यादा एक जीबी आहे. फोटो फाइलमध्ये ठेवा आणि इथे फक्त फाइलचं नाव, पूर्ण पाथ नको, कारण आयफोनवर ॲप अपडेट झालं की तो पाथ बदलू शकतो.

आत नेमकं काय साठलंय ते बघायला अँड्रॉइडवर ॲडमिन (डेटा दाखवणारं वेबपान) मिळतो, ग्रेडलमध्ये (अँड्रॉइडची बिल्ड सेटिंग) फक्त डीबग बिल्डसाठी त्याची लायब्ररी टाका, कोडमध्ये स्टोअर देऊन तो सुरू करा, पोर्ट ८०९० फॉरवर्ड करा आणि कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये सगळ्या नोंदी दिसतात. रिलीज बिल्डमध्ये तो जाऊ देऊ नका, साइज वाढते आणि जास्तीच्या परवानग्याही मागतो.