कन्सल्टिंगची ऑफर आलीय? लोकेशन सोडा, स्टाफिंग विचारा

ऑफर आली की सगळे पहिलं हेच विचारतात, लोकेशन कुठलं मिळालं. अहो, त्या ऑफिसात तुम्ही बसणार किती दिवस! काम चालतं क्लायंटकडे, मग ते त्यांचं हेड ऑफिस असो, फॅक्टरी असो, गोडाऊन असो की हॉस्पिटल, आणि तिथं टीमला मिळते एक मीटिंग रूम, बऱ्याचदा बिनखिडकीची. जुनी पद्धत म्हणजे सोमवारी पहाटे विमान, गुरुवारी रात्री परत आणि शुक्रवारी आपल्या ऑफिसात. कोविडनंतर बरंच काम घरूनही होतं, पण किती ते फर्मचे पार्टनर, म्हणजे सगळ्यात वरचे साहेब, आणि क्लायंट ठरवतात, नवीन पोराला कोण विचारतंय.

म्हणून आधी स्टाफिंग, म्हणजे कोणाला कुठल्या प्रोजेक्टवर टाकायचं ते, कसं होतं ते विचारा. प्रोजेक्ट कोण वाटतं, नाही म्हणता येतं का, आणि मधल्या काळात बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय, बसलात तर काय होतं. कारण गणित सरळ आहे, वर मोजके पार्टनर, ते काम आणतात, मधे मॅनेजर, तो प्रोजेक्ट हाकतो, आणि खाली ॲनालिस्ट-असोसिएटांची फौज, जिचा वेळ क्लायंटला विकला जातो. बेंचवरचा माणूस म्हणजे फर्मला नुसता खर्च. बऱ्याच फर्ममध्ये 'अप ऑर आउट' पण असतं, ठराविक वर्षांत प्रमोशन नाही झालं तर दुसरी नोकरी बघा.

कुठली फर्म भारी यावर महिनाभर डोकं खाजवू नका. मोठ्या कन्सल्टिंग फर्मच बघा, बेन ही 1973 मध्ये बीसीजीतून (बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप) बाहेर पडलेल्यांनीच काढली, बीसीजी 1963 ची, मॅकिन्झी त्याहून जुनी, 1926 ची, कामाची पद्धत पुष्कळशी सारखीच. खरा फरक कामाच्या प्रकारात. स्ट्रॅटेजीचं प्रोजेक्ट काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आटपतं, सिस्टीम बसवायचं काम मात्र वर्षवर्ष एकाच क्लायंटकडे चालू शकतं, हे जॉईन व्हायच्या आधीच विचारून घ्या.

पहिल्या आठवड्यात डेटा मागाल तेव्हा नुसती मेल टाकून थांबू नका. ती एक्सेल शीट रोज कोण भरतं ते शोधा आणि त्याच्या शेजारी जाऊन बसा. साहेबांना माहीत नसतं की मार्चपासून कॉलमचा अर्थच बदललाय, त्या माणसाला माहीत असतं. आणि त्याच्याशी नीट बोला, बाहेरचे लोक आले की आपली नोकरी जाणार अशी भीती त्याच्या मनात असते, कधीकधी ती खरीही असते.

स्लाइड करायच्या आधी कागदावर लिहा, नेमकं सांगायचंय काय. मी पहिल्या प्रोजेक्टला रात्री जागून चाळीस स्लाइड केल्या, मॅनेजरने तीन ठेवल्या, बाकी अपेंडिक्समध्ये, म्हणजे कोणी उघडून बघत नाही तिथं 😅

क्लायंटचं नाव लिफ्टमध्ये, विमानात, कॅन्टीनमध्ये तोंडातून काढायचं नाही, लॅपटॉपला प्रायव्हसी स्क्रीन लावायची. आणि टॅक्सीच्या पावतीचा फोटो उतरल्या उतरल्या काढा, महिन्याच्या शेवटी बॅगेत शोधलात तर अर्धे पैसे तुमच्याच खिशातून गेले समजा.