जुन्या लग्नाच्या कॅसेटमधले चेहरे का बिघडतात? नव्या एडिटरसाठी आस्पेक्ट रेशो

आस्पेक्ट रेशो म्हणजे चित्राच्या रुंदीचं उंचीशी प्रमाण. १६:९ म्हणजे काय, ४:३ म्हणजे काय, रील ९:१६ असतं, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. मोबाइल आणि हल्लीच्या कॅमेऱ्यांच्या फुटेजला तेवढं पुरतं. मग एक दिवस कुणीतरी आईवडिलांच्या लग्नाची कॅसेट आणून देतं, फाइल ७२०×५७६ निघते, आणि तयार झालेल्या व्हिडिओत नवरी किंचित बारीक दिसते. काय चुकलं ते सांगता येत नाही, पण काहीतरी चुकलंय हे घरच्यांना लगेच कळतं. स्वतःच्या माणसांचे चेहरे लोकांना पाठ असतात.

या एका खड्ड्यात जवळजवळ प्रत्येक नवा एडिटर पडतो, म्हणून तोच नीट उकलून सांगतो.

७२० ला ५७६ ने भागा. १.२५ येतं, म्हणजे ५:४. पण कॅसेटचं चित्र तर ४:३, म्हणजे १.३३. फाइल खोटी नाही आणि कॅसेटही खोटी नाही. फाइलमधला पिक्सेलच चौरस नाही. डिजिटल व्हिडिओचं मानक १९८२ मध्ये ठरलं तेव्हा अमेरिकेची ५२५ रेषांची आणि आपली ६२५ रेषांची अशा दोन्ही पद्धतींना एका ओळीत ७२० नमुने, म्हणजे पिक्सेल, दिले गेले. म्हणून त्यांची फाइल ७२०×४८०, आपली ७२०×५७६, आणि टीव्हीवर दोन्ही चित्रं ४:३. रुंदीचे पिक्सेल तेवढेच, उंचीचे वेगळे, तरी आकार एकच. हे जमायचं तर आपल्याकडचा पिक्सेल आडवा थोडा रुंद आणि त्यांच्याकडचा थोडा अरुंद असावाच लागतो. इथे डोकं गरगरलं तर घाबरू नका, पुन्हा वाचा. हे एकदा बसलं की पुढचं सगळं साधं गणित आहे.

वाइड मोडमध्ये शूट केलेली मिनी-डीव्ही टेप, म्हणजे छोटी डिजिटल कॅसेट, आणखी फसवते. तिची फाइलही ७२०×५७६ च असते, पण चित्र १६:९ असतं. तेवढेच पिक्सेल, फक्त जास्त ताणून दाखवायचे. एचडीव्हीत, म्हणजे टेपवरच्या एचडी व्हिडिओतही तेच: फाइल १४४०×१०८०, चित्र मात्र १९२०×१०८० चं.

म्हणून पहिलं काम मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून डिस्प्ले आस्पेक्ट रेशो, म्हणजे चित्र कोणत्या आकारात दाखवायचं ते, वाचणं. पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. वाइड टेप व्हीसीआरच्या पिवळ्या वायरने कॅप्चर केली असेल, तर ती वाइड असल्याची खूण वाटेतच गळलेली असू शकते आणि फाइल बिनदिक्कत ४:३ सांगते.

खरी परीक्षा वर्तुळाची. फुटेजमध्ये समोरून आणि फ्रेमच्या मधोमध आलेली गोल वस्तू शोधा: हॉलच्या भिंतीवरचं घड्याळ, बाजूने दिसणारं वरातीच्या गाडीचं चाक. आरतीचं ताट नको, ते नेहमी कललेलं असतं. त्या फ्रेमचा स्टिल काढून वस्तूची उंची आणि रुंदी मोजा. उंची १०० धरली आणि रुंदीही १०० च्या आसपास आली तर सगळं ठीक. ९२ ते ९४ आली तर ४:३ टेपचे पिक्सेल चौरस समजले गेलेत. ७० च्या आसपास आली तर टेप वाइड आहे आणि तिचे पिक्सेल चौरस समजले गेलेत. ७५ आली तर एचडीव्हीचे पिक्सेल चौरस समजले गेलेत, किंवा वाइड टेप ४:३ म्हणून दाखवली जातेय. १३३ आली तर ४:३ चित्र १६:९ मध्ये ओढून बसवलंय. आणि १०७ ते १०९ आली तर तुम्ही तीच दुरुस्ती दोनदा केलीत: एकदा फुटेजच्या सेटिंगमध्ये, एकदा हाताने रुंदी वाढवून. ही शेवटची चूक कष्टाळू माणसांकडूनच होते, म्हणून मुद्दाम सांगतो. दुरुस्ती एकाच जागी करा. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ती जागा म्हणजे इंटरप्रिट फुटेज, फाइलचा पिक्सेल कसा वाचायचा ते सांगणारी सेटिंग. तिथे डी१/डीव्ही पाल (पाल म्हणजे आपली ६२५ रेषांची पद्धत) किंवा त्याचाच वाइडस्क्रीन पर्याय निवडा आणि पुढे रुंदीला हात लावू नका.

कामाचा क्रमही महत्त्वाचा. आधी डीइंटरलेस: जुन्या व्हिडिओत एकाआड एक रेषा वेगवेगळ्या फील्डमध्ये असतात, त्या सेकंदाच्या ५० फील्डच्या ५० पूर्ण फ्रेम करायच्या. मगच आकार वाढवा. उलटं केलंत तर दोन फील्डच्या रेषा एकमेकींत मिसळतात आणि हलणाऱ्या हाताभोवती जी दातेरी कड येते ती नंतर जात नाही. मग डावी-उजवीकडून आठ-आठ पिक्सेल कापा, खरं ४:३ चित्र मधल्या भागातच असतं. ७०४×५७६ उरतात, चौरस पिक्सेलमध्ये त्यांचे ७६८×५७६ होतात, आणि १०८० च्या टाइमलाइनवर १४४०×१०८०. दोन्ही बाजूंना २४०-२४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतात. व्हीएचएस असेल तर तळाशी काही ओळी थरथरत असतात. त्या काळ्याने झाका, पण ती जागा भरायला चित्र खाली ओढू नका.

काळ्या पट्ट्यांवरून ग्राहक कुरकुर करतो. मग नवा एडिटर घाबरून चित्र ताणतो, किंवा मागे त्याच चित्राची धूसर प्रत लावतो. पहिलं कधीच करू नका. दुसरं मला आवडत नाही, सगळं लक्ष कडेच्या हालचालीकडे जातं. काम घेतानाच सांगा की कॅसेट ४:३ ची आहे, पट्ट्या येणार. दोन मिनिटं बोललात की पुढचा वाद टळतो. आणि 'ताणून टाक, कळतंय कुणाला' असं शिकवणारा उस्ताद भेटला तर त्याच्याकडून लाइटिंग शिका, कॅमेरा धरायला शिका, हे शिकू नका. कुणाच्या तरी वारलेल्या आजोबांचा एकमेव हलता चेहरा त्या टेपवर असतो.

काही कॅसेटमध्ये चारही बाजूंना काळं दिसतं. तिथे १६:९ चित्र आधीच ४:३ मध्ये पट्ट्या लावून बसवलेलं असतं. ७६८×५७६ ला अडीच पट करा, १९२०×१४४० होतं. वरून आणि खालून १८० पिक्सेल कापले की पडदा भरतो आणि चित्राला धक्का लागत नाही.

फोटोंचं गणित सोपं आहे, थोडक्यात सांगतो. कॅमेऱ्याचा फोटो ३:२, मोबाइलचा बहुधा ४:३. ४×६, ८×१२ आणि १२×१८ इंच हे सगळे ३:२, तिथे काही कापलं जात नाही. ८×१० साठी लांबीचा सहावा हिस्सा जातो, म्हणून ग्रुप फोटोत कडेच्या माणसांना श्वास घ्यायला जागा ठेवून क्लिक करा. अल्बमचं १२×३६ चं पान ३:१ असतं. एकच फोटो त्यावर पसरायचा तर उंचीचा निम्मा भाग जातो. आडव्या व्हिडिओतून रील काढतानाही असाच हिशेब करा. १९२०×१०८० मधून ९:१६ कापलं तर रुंदीचे जेमतेम ६०७ पिक्सेल उरतात. फोरकेमधून (३८४०×२१६०) १२१५ मिळतात. रील हवं हे आधी ठरलं असेल तर फोरकेच शूट करा.

राहिली रिसेप्शनची एलईडी वॉल. ऑपरेटरला फुटांत माप विचारू नका, पिक्सेल विचारा. समजा ५०० मिलिमीटरचे, १२८×१२८ पिक्सेलचे कॅबिनेट, म्हणजे वॉल ज्यांची बनते ते चौकोनी तुकडे, आडवे आठ आणि उभे पाच आहेत. मग वॉल १०२४×६४० ची झाली, म्हणजे १६:१०. तुमचा १६:९ व्हिडिओ तिच्यावर १०२४×५७६ मध्ये बसतो, वर-खाली ३२-३२ पिक्सेल काळे राहतात. ऑपरेटरने 'फुल' केलं की सगळे चेहरे उभे लांबतात, वर्तुळाची रुंदी १०० ची ९० होते. त्यामुळे काळ्यावर पांढऱ्या वर्तुळाची दहा सेकंदांची फाइल पेनड्राइव्हवर कायम ठेवा, आणि पाहुणे यायच्या आधी ती वॉलवर लावून पट्टीने मोजा.